झोका ठेवा, काका, गट्टू काढा

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलेलं पत्र. लिहिणाऱ्यांच्या विनंतीवरून नाव-गाव देत नाही. मजकूर थोडक्यात असा:

‘मी ६७ वर्षांचा आहे. एसटीत वाहक होतो, आता निवृत्त आहे. आमच्या कॉलनीत सव्वाशे घरं आहेत. लेआउटमधली ओपन स्पेस अकरा गुंठ्यांची. एका कोपऱ्यात मारुतीचं मंदिर आणि सभामंडप आहे, बाकी सगळीकडे गाजरगवत. यंदा तिथं लेकरांसाठी मैदान करायचं ठरलं. नगरपरिषदेकडून चार लाख मिळतील असं दिसतं, दीड लाख वर्गणी जमली आहे आणि समितीचा अध्यक्ष मला केलं आहे. दोन वर्षांपूर्वी माझा नातू दुसऱ्या एका बागेत झोक्यावरून पडला. खाली गट्टू होते, सिमेंटचे ठोकळे. कोपरात तारा घालाव्या लागल्या, हात अजून पूर्ण सरळ होत नाही. मी तेव्हा बाकावर पेपर वाचत बसलो होतो. आता तो आठ वर्षांचा आहे. झोका दिसला की कडेला उभा राहतो. समितीत मी सांगून टाकलं, आपल्याकडे झोका नको. एका विक्रेत्याने तीन लाख ऐंशी हजारांचा मल्टीप्ले सेट दाखवला आहे: दोन घसरगुंड्या, बोगदा, छोटा पूल, खाली गट्टू आणि गट्टूवर रबरी मॅट. तरुण आईबाप झोक्यासाठी अडून बसलेत. ज्येष्ठांना चालायला ट्रॅक आणि ओपन जिम हवी आहे. मला एकच हवंय, कुणाच्याही लेकराला लागू नये. तसं मैदान कसं करायचं? आणि झोका नको म्हणतो, यात माझं काही चुकतंय का?’

काका,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ‘खाली गट्टू होते’ एवढं तुम्ही ओझरतं लिहून पुढे गेलात आणि ‘मी पेपर वाचत होतो’ इथं अडकलात. मला वाटतं, अडकायची जागा पहिली आहे. तुम्ही पेपर बाजूला ठेवून झोक्याला खेटून उभे असता, तरी हातातून साखळी सुटलेलं सहा वर्षांचं लेकरू हवेत झेलणं कुणालाही जमलं नसतं. ते पडायचं ते पडलंच असतं. पडल्यावर कोपराचं काय होणार, हे मात्र त्या दिवसाच्या कितीतरी आधी ठरलेलं होतं. ज्या दिवशी कुणीतरी झोक्याखाली गट्टू बसवले, त्या दिवशी.

मैदानावरच्या दुखापतींत सर्वांत मोठा वाटा पडण्याचाच असतो, आणि किती लागेल हे उंचीइतकंच खालच्या जमिनीवर अवलंबून असतं. त्यामुळे तुमच्या पत्रात एका गोष्टीने मला धस्स झालं. तुम्ही झोका काढलात, पण विक्रेत्याच्या कागदावर गट्टू परत आलेत. नातवाला ज्यानं लागलं ते राहिलं आणि ज्यावर तो हसत होता ते गेलं.

मी पंचवीस वर्षं अंगणवाड्यांची मुख्यसेविका म्हणून बीड आणि हिंगोलीकडच्या गावांतून फिरले. एका गावात कुणीतरी देणगी म्हणून लोखंडी घसरगुंडी बसवली होती, पश्चिमेला तोंड करून, माळावर, आसपास सावलीचा पत्ता नाही. मी गेले तेव्हा एप्रिल होता आणि तिच्यावर कुणाच्या तरी भुईमुगाच्या शेंगा वाळत पडल्या होत्या. सगळी लेकरं शेजारी रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या मुरमाच्या ढिगावर होती. चढत होती, घसरत होती, एकमेकांना ओढत होती. अंगणवाडी सेविका त्यांना ओरडत होती, ‘उतरा खाली, पडाल.’ मी तिला थांबवलं. ढीग मऊ होता, पुरुषभरही उंच नव्हता, आणि कुठवर चढायचं हे प्रत्येक लेकरू आपापल्या बेतानं ठरवत होतं. तीन वर्षांची एक पोर अर्ध्यावरच बसली होती आणि तिथून खुशाल सगळं बघत होती.

‘कुणाच्याही लेकराला लागू नये’ असं तुम्ही लिहिता, तेव्हा त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. एक आहे जोखीम. ती लेकराला दिसते. फांदी उंच आहे, झोका जोरात आहे, दगड घसरडा आहे, हे त्याला कळतं आणि ते आपलं माप काढतं. माप चुकतं, गुडघा फुटतो, पुढच्या वेळी माप सुधारतं. दुसरा आहे दगा. तो लेकराला दिसत नाही. झिजलेली कडी, उघडी बोअर, मॅटखालचे गट्टू, डोकं अडकेल एवढीच फट. याचं माप लेकरू काढू शकत नाही, कारण ते आपल्यावर विश्वास ठेवून आलेलं असतं. दगा एकही राहू देऊ नका, त्यात मी तुमच्याइतकीच कठोर आहे. जोखीम मात्र सगळी काढलीत, तर सहा वर्षांची लेकरं महिन्याभरात कंटाळतील आणि मल्टीप्लेच्या छपरावर चढायला लागतील किंवा समोरच्या बांधकामावर जातील. तिथं तुमची समिती नसेल.

आता जमिनीपासून सुरुवात करू, कारण निम्मं काम तिथंच आहे.

आपली माती काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. खांब नुसते काळ्या मातीत रोवले की दोन पावसाळ्यांत ते कलतात आणि कललेल्या खांबावरचा नटबोल्ट आपोआप ढिला होतो. म्हणून खांबाचा खड्डा मुरूम लागेपर्यंत न्या. काँक्रीटचा माथा जमिनीच्या बराच खाली ठेवा. वर आलेला काँक्रीटचा गोळा मी इतक्या ठिकाणी बघितलाय! पडलेल्या लेकराचं डोकं नेमकं तिथं आपटतं. पाणी कुठून निघून जाणार, हे कामाच्या आधी एका मोठ्या पावसात स्वतः छत्री घेऊन जाऊन बघा. नकाशावर ते दिसत नाही.

वर काय टाकायचं? हिरवळीचा मोह सोडा. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या भागातले आपण. शिवाय हिरवळ जगली तरी खेळण्यांखाली ती आठवड्यात तुडवली जाते आणि खालची टणक जमीन उरते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाची सार्वजनिक क्रीडांगणांसाठी एक पुस्तिका आहे. तीसुद्धा गवत आणि साधी माती यांना झेलणारा पृष्ठभाग मानत नाही. तिच्यातलीच काही मापं पुढे देते.

वाळू आपल्याला कळणारी वस्तू आहे. बारा इंच भरली की दबून नऊ इंच होते, आणि ती नऊ इंच वाळू साधारण चार फुटांवरून पडणाऱ्या लेकराला सांभाळते. त्याहून उंचावरून नाही. म्हणजे वाळू टाकायची तर चढायच्या खेळण्याचा मचाण चार फुटांच्या वर नेऊ नका. वीस बाय तीस फुटांच्या हौदाला सहा ब्रास लागेल. नदीची, गोल दाण्याची, पावती असलेली घ्या. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, चालणार नाही, ती दबून फरशीसारखी घट्ट बसते. खाली सहा इंच खडीचा थर द्या, त्यावर पाणी झिरपू देणारं जिओटेक्स्टाइल कापड आणि मग वाळू. शेततळ्याचा उरलेला कागद कुणीतरी फुकट देऊ करेल, तो घेऊ नका. तो पाणी अडवायला बनवलेला असतो, आणि तुमच्या वाळूचं डबकं होईल. वाळूला कुत्री-मांजरं येतात हे खरं आहे. कडेला जाळी हवी, आठवड्याला दाताळं फिरवायला हवं.

झोक्याखाली वाळू पुरत नाही. त्या पुस्तिकेत झोक्यावरून पडायची उंची आडव्या दांड्यापासून मोजतात, बसायच्या पाटापासून नाही. सात फुटांचा दांडा असेल तर सात फूट पेलणारा थर हवा. तिथं लाकडाचे तुकडे चांगले, नऊ इंच दबलेला थर त्याहून जास्त उंची पेलतो. लाकडाच्या वखारीत ओंडक्याची चिरफाळ मिळते. भुसा नको, प्लायवूडचे तुकडे नकोत, रंगवलेलं लाकूड नको, काटेरी फांद्या तर मुळीच नकोत. आपल्याकडे वाळवी लागणार, म्हणून दरवर्षी थोडा थर बदलायची तयारी ठेवा. दुसरा पर्याय रबराचा. त्यात विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: ‘ही मॅट किती उंचीवरून पडलेल्या लेकरासाठी तपासलेली आहे, आणि ईएन ११७७ किंवा एएसटीएम एफ १२९२ या चाचणी-मानकाचं प्रमाणपत्र कुठं आहे?’ गट्टूवर टाकलेली इंचभर जाडीची मॅट बघून आईबापांना हायसं वाटतं, पण सात फुटांवरून पडणाऱ्या लेकराला ती सांभाळत नाही. त्याने कागद दाखवला, तर रबर घ्या. विषय बदलला, तर चहा पाजून वाटेला लावा.

आता झोका. माझं मत सरळ सांगते, झोका ठेवा.

आपल्याकडे पंचमीला कडुलिंबाच्या फांदीला दोर बांधून अख्ख्या गावच्या लेकीसुना झोके घेतात. माहेरी आलेली पोर सासरचं सगळं विसरून उभ्यानं झोका चढवते, खाली बायका गाणी म्हणत असतात. ही आपली जुनी ओळख आहे. लेकराचं अंग तोल शिकतं ते अशाच हिंदोळ्यावर. तुमच्या नातवाच्या मनात मोठ्यांनी झोक्याला शत्रू ठरवून टाकलं, तर त्याच्या कोपरापेक्षा जास्त काहीतरी वाकडं राहील असं मला वाटतं.

फक्त झोक्याला जागा द्या. दांडा जेवढा उंच, त्याच्या दुप्पट अंतर पुढे आणि तेवढंच मागे मोकळं हवं. सात फुटांच्या दांड्याला पुढे-मागे मिळून अठ्ठावीस फूट. बाजूला सहा-सहा फूट. एका चौकटीत दोनच झोके, दोघांत दोन फूट अंतर, झोका आणि खांब यांत अडीच फूट. हिशोब केलात तर अर्ध्या गुंठ्याहून जास्त जागा एकट्या झोक्याला जाते. तुमच्याकडे ती आहे. झोका मैदानाच्या एका कडेला घ्या, मधून येण्याजाण्याची वाट असू नये. चालत्या झोक्यापुढे धावत येणारं लहान लेकरू हा झोक्याचा दुसरा मोठा धोका, आणि तो जागेच्या आखणीतच टळतो. बसायला लोखंडी किंवा लाकडी पाट नको, डोक्याला लागला तर खोक पडते. रबरी पट्टा घ्या. दोन-तीन वर्षांच्यांसाठी चहूबाजूंनी धरून ठेवणारा वेगळा पाळणा, वेगळ्या चौकटीत. साखळीची एस आकाराची कडी पूर्ण मिटलेली हवी. फटीत नाणं शिरलं तर ती मिटलेली नाही.

उन्हाचा विचार विक्रेत्याच्या कॅटलॉगमध्ये कुठंच नसतो. ती छायाचित्रं थंड हवेच्या गावातली असतात. आपल्याकडे पारा ४२-४४ ला जातो, आणि लोखंडच काय, प्लॅस्टिकची घसरगुंडी आणि काळं रबरही कोवळ्या कातडीला भाजतं. घसरगुंडीचं तोंड उत्तरेला ठेवा. पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला कडुलिंब, चिंच लावा, दुपारनंतरची सावली मैदानावर पडेल अशा बेतानं. झाडं मोठी व्हायला वर्षं लागतील, तोवर शेतातल्यासारखी शेडनेट पाइपांवर बांधा. ती मेमधल्या वादळी पावसात उडते, तेव्हा मजबूत बांधा किंवा वादळाच्या दिवसांत उतरवा. रोपं सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत मिळतील, आणि तुमच्या जिल्ह्यात तर वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठच आहे, तिथल्या लोकांना विचारल्याशिवाय झाडं ठरवू नका. तुम्ही गेट संध्याकाळी सहाला बंद करायच्या विचारात असाल, तर थांबा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये लेकरं खेळायला बाहेरच सहाला पडतात. दिवे लावा, नऊपर्यंत मैदान जागं ठेवा, आणि पाण्याचा नळ किंवा माठ सावलीत असू द्या.

दग्यांची एक फेरी तुम्ही स्वतः मारा, टेप घेऊन. कठड्याच्या गजांत, शिडीच्या पायऱ्यांत साडेतीन इंचांपेक्षा मोठी आणि नऊ इंचांपेक्षा लहान फट कुठंही नको. एवढ्या फटीतून लेकराचं अंग पायाकडून आत जातं आणि डोकं अडकतं, मग ते लटकतं. घसरगुंडीच्या माथ्यावर बाहेर आलेला बोल्ट नको, त्यात फ्रॉकचा पट्टा किंवा ओढणी अडकते. ओढणी आणि गळ्यातली ओळखपत्राची दोरी काढूनच घसरगुंडीवर चढायचं, हा नियम पाटीवर चित्रासकट लिहा. फॅब्रिकेशनवाला लोखंडाला कोणता रंग देणार, ते डबा बघून ठरवा. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, पण औद्योगिक रंगांना तो लागू नाही, आणि फॅब्रिकेशनला बहुतेक वेळा तेच वापरतात. लहान लेकरं दांडे चाटतात, रंगाचे पोपडे तोंडात घालतात.

जुनी बोअर आहे का तिथं? गाजरगवतात नीट शोधा. दुष्काळात आपल्या प्रत्येक लेआउटमध्ये दोन-तीन बोअर कोरड्या गेल्यात. बंद बोअर तळापासून भरून घेण्याबाबत आणि तोंड पोलादी झाकणानं बंद करण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच निर्देश दिलेत. विजेचा डीपी जवळ असेल तर त्याला कुंपण हवं आणि खेळणी त्यापासून लांब. कुंपणाला मोगली एरंड लावू नका. त्याच्या बिया गोडसर लागतात, लेकरं खातात आणि उलट्यांनी दवाखान्यात जातात. कण्हेरही नको, पिवळी तर नकोच. जुन्या टायरची खेळणी करायची असतील तर तारा बाहेर आलेले टायर बाजूला काढा आणि उरलेल्यांना खाली भोकं पाडा, नाहीतर पावसाळ्यात डेंग्यूचे डास तिथंच वाढतील. दगडांचे ढीग आठ दिवसही पडू देऊ नका. विंचू काही समितीची परवानगी घेऊन येत नाही.

मल्टीप्ले सेटबद्दल. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण साडेपाच लाखांतले तीन लाख ऐंशी हजार एकाच वस्तूत घातलेत तर जमिनीला, सावलीला आणि दिव्याला काय उरेल? दुसऱ्या महायुद्धानंतर आम्स्टरडॅममध्ये आल्डो व्हान आइक नावाच्या वास्तुरचनाकाराने १९४७ पासून शहरातल्या मोकळ्या जागांवर सातशेहून जास्त मैदानं केली. त्यांत बहुधा एक वाळूचा हौद, थोडे उड्या मारायचे काँक्रीटचे ठोकळे, लोखंडी कमानी आणि झाडांखाली बाक, एवढंच असे. कशाचं काय करायचं ते लेकरं ठरवत. तुम्हीही वाळूचा हौद, चार फुटांच्या आतलं चढायचं एक खेळणं, झोक्याची चौकट, तोल सांभाळत चालायला जमिनीलगतचा ओंडका, एवढ्यावर सुरू करा. उरलेली जागा सपाट मुरूम टाकून रिकामी सोडा. त्यात लंगडी होईल, लगोरी होईल, आट्यापाट्या होतील. रिकाम्या जागेची पावती मिळत नाही, म्हणून समित्यांना ती वाया गेल्यासारखी वाटते. लेकरांना तीच सर्वांत जास्त लागते.

ज्येष्ठांचा ट्रॅक कडेनं सहज बसेल, द्या. ओपन जिम मात्र लेकरांच्या भागापासून लांब आणि मधे कुंपण घालून. त्या यंत्रांच्या सांध्यांत लहान बोटं चिरडतात. दोन ते पाच वर्षांच्यांचा कोपरा वेगळा हवा आणि मोठ्या पोरांचं क्रिकेट तिथून दूर. ‘मैदानावर आमचाही हक्क आहे’ असं कुणी म्हणालं तर मान्य करा. त्याच वेळी हेही सांगा की खेळणं हा लेकरांचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतल्या एकतिसाव्या कलमात लिहिलेला आहे, आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली.

आराखडा पक्का करण्याआधी लेकरांना सभामंडपात बोलवा. सतरंजी टाका, कागद-खडू द्या, काय हवं ते काढू द्या. दहा-बारा वर्षांच्या मुलींना मुलांपासून वेगळं बसवून विचारा, नाहीतर त्या बोलणार नाहीत. माझा अनुभव असा की त्यांना लोंबकळायला दांडा हवा असतो आणि चार जणींना गप्पा मारत बसायला, दिव्याच्या उजेडात, रस्त्यावरून दिसेल अशी जागा. ती मिळाली नाही तर अकराव्या वर्षी मुली मैदानावर यायच्या बंद होतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. कॉलनीत चालता न येणारं लेकरू नाही असं कुणी म्हणेल. घरोघरी विचारा. असतं, घरात असतं. गेटपासून वाळूच्या हौदापर्यंत चाकाची खुर्ची जाईल अशी टणक, सपाट वाट त्याच्यासाठी सोडा.

कागदोपत्री एवढंच बघा: ओपन स्पेस नगरपरिषदेकडे हस्तांतरित झाली आहे की अजून विकासकाच्या नावावर आहे, ते मंजूर लेआउट आणि सातबाऱ्यावरून तपासा. मैदानाची परवानगी लेखी घ्या आणि देखभाल कोण करणार हे त्याच पत्रात लिहून घ्या. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात क्रीडांगण विकास अनुदानाची चौकशी करून बघा.

आणि दीड लाखाच्या वर्गणीतले पन्नास हजार आज खर्चच करू नका. बँकेत ठेवा. उद्घाटनाच्या दिवशी सगळीच मैदानं सुरक्षित असतात. दोन वर्षांनी साखळी झिजते, वाळू कडेला सरकते, थर चार इंचांवर येतो, तेव्हा नवीन निधीसाठी अर्ज करत बसायची वेळ येऊ नये. एक वही करा. दर पंधरवड्याला दोन घरांची पाळी. कड्या, बोल्ट, थराची खोली, काचा, मुंग्यांची वारुळं, हे बघायचं, तारीख टाकायची, सही करायची. काही तुटलेलं दिसलं तर ते खेळणं दोरी बांधून त्याच दिवशी बंद. तुमच्या मनात ‘कुणाला लागलं तर माझ्यावर येईल’ ही धास्ती आहे, ती मला पत्राच्या प्रत्येक ओळीखाली दिसली. ही वही त्या धास्तीवरचं माझ्या माहितीतलं सर्वांत चांगलं औषध आहे. लेकरू तरीही कधीतरी पडेल. तेव्हा वही उघडून बघता येईल की आपल्या हातात होतं तेवढं केलेलं होतं.

बाक झोक्याच्या समोर ठेवा, लिंबाच्या सावलीत, सगळं मैदान दिसेल असा. आणि त्यावर पेपर वाचत बसा. खाली बरोबर थर असलेल्या मैदानावर आजोबांनी पेपर वाचायला काही हरकत नाही.

नातवाबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, तरी सांगते. हात पूर्ण सरळ होत नाही म्हणता, तर हाडांच्या डॉक्टरांना एकदा पुन्हा दाखवा आणि कुठले व्यायाम चालतील, लोंबकळणं चालेल का, ते विचारा. आणि त्याला या कामात घ्या. झोक्याखालचा थर पडेल त्या दिवशी एक काठी आणि खडू त्याच्या हातात द्या. काठीवर बारा इंचांची खूण त्यालाच करू दे, चारही कोपऱ्यांत काठी खुपसून त्यालाच मोजू दे, वहीतली पहिली नोंद त्याच्या अक्षरात असू दे. त्याला थरावर उडी मारून बघायची असेल तर मारू दे. झोक्यावर बस म्हणून सांगू नका. तो बसला, तर मागून धक्काही देऊ नका, त्याने मागितल्याशिवाय.